व्याख्यान जड की हलकं, हा प्रश्नच चुकलाय

कलामंडळाच्या वर्षभराच्या व्याख्यानांची यादी ठरवायला मीटिंग बसली की अर्ध्या तासात दोन पार्ट्या पडतात, आणि हे मी इतक्या वेळा बघितलंय की कोण काय बोलणार ते आता पाठ झालंय. एक पार्टी म्हणते मागच्या वेळचे प्राध्यापक फार जड होते, तिसऱ्या रांगेतले दोघं चक्क घोरत होते, लोक दिवसभर दमून येतात त्यांना जरा किस्से सांगा, चित्रकारांच्या भानगडी सांगा, हसवा. दुसरी पार्टी लगेच उसळते, म्हणजे आता कलेचा पण तमाशा करायचा का, ज्यांना झेपत नाही त्यांनी येऊ नये. (तमाशा ही स्वतःच केवढी मोठी कला आहे हे बोलताना कोणाला आठवत नाही, असो.) मग आवाज चढतात, कोणीतरी मध्ये पडतं आणि शेवटी ठरतं काय, तर एक जड व्याख्यान, एक हलकं, परत एक जड. भांडण मिटलं म्हणून सगळे खूश. पण दोन्ही पार्ट्या बोलत होत्या वक्त्याबद्दल, तो कसा असावा, किती हसवावं, किती शिकवावं. पडद्यावर जे चित्र लावणार आहोत त्याचं काय, हे त्या दोन तासांत एकानेही विचारलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. कलेच्या इतिहासावरचं व्याख्यान चांगलं झालं की वाईट हे एकाच गोष्टीवरून ठरवावं: ऐकणारा एकटा असता तर त्याची नजर त्या चित्रावर, मूर्तीवर, इमारतीवर जितका वेळ टिकली असती त्यापेक्षा जास्त वेळ टिकली का? बाकी विनोद किती झाले आणि संदर्भ किती दिले हे सगळं नंतरचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एकेका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात याची पाहणी झाली होती, ती २००१ साली छापून आली. सरासरी निघाली २७ सेकंदांच्या आसपास, आणि निम्म्या वेळा तर लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. आणि हे मुद्दाम म्युझियममध्ये आलेले लोक बरं का, वाट चुकून आलेले नव्हेत. आता आपल्याकडचं बघा. मी एकदा एका व्याख्यानात मागच्या खुर्चीवर बसून स्लाइड मोजल्या होत्या, तासाभरात ११२. भागाकार केला तर दर स्लाइडला ३२ सेकंद येतात, म्हणजे वक्ता, प्रोजेक्टर, हॉल, आभारप्रदर्शन एवढा सगळा खटाटोप करून आपण त्या घाईतल्या माणसाच्या पाच सेकंद पुढे गेलो. त्या दिवशीचं व्याख्यान जड होतं की हलकं? खरं सांगते, मला आठवत नाही. विषय होता युरोपातली चारशे वर्षं.

आता समोरच्यांचं ऐकू, आणि सगळ्यात तगडा आक्षेप आधी घेऊ. तो असा की कलेवर बोलूच नये, चित्र डोळ्यांसाठी आहे, शब्द आले की डोळे मिटतात. हे म्हणणारे लोक अडाणी नसतात, बऱ्याचदा स्वतः चित्रं काढणारे असतात, आणि त्यांच्या बाजूने इतिहासातला एक जबरदस्त साक्षीदार आहे, लंडनमध्ये राहणारा अमेरिकन चित्रकार व्हिस्लर. १८७७ मध्ये रस्किनने, जो त्या काळात इंग्लंडमधला कलेवरचा सगळ्यात मोठा आवाज होता, व्हिस्लरच्या एका रात्रीच्या चित्राबद्दल लिहिलं की या माणसाने लोकांच्या तोंडावर रंगाचा डबा फेकलाय आणि त्याचे दोनशे गिनी मागतोय. व्हिस्लर कोर्टात गेला, १८७८ मध्ये केस जिंकला आणि नुकसानभरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे तिकडचं सगळ्यात छोटं नाणं, पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. असा पोळलेला माणूस कलेवर बोलणाऱ्यांवर चिडणारच की. पण मग त्याने केलं काय? २० फेब्रुवारी १८८५ ला रात्री दहा वाजता लंडनमध्ये हॉल घेतला आणि कला समजावून सांगणाऱ्यांची टर उडवणारं दणदणीत व्याख्यान दिलं! कलेवर बोलू नका हे सांगायला त्यालाही स्टेजवर चढावं लागलं. आणि त्याहून मजेची गोष्ट त्याच्या चित्रांच्या नावांची आहे. रात्रीच्या चित्रांना तो संगीतातला शब्द वापरून नॉक्टर्न म्हणायचा, तो शब्द सुचवला होता त्याच्या एका श्रीमंत आश्रयदात्याने, आणि व्हिस्लरला तो इतका आवडला की पुढे तीच त्याची ओळख झाली. का आवडला असेल? कारण तो शब्द बघणाऱ्याला सांगतो की इथे गोष्ट शोधू नकोस, सुरावट ऐकतोस तसं बघ. एका शब्दाचं व्याख्यानच झालं ते.

तरी त्याच्या म्हणण्यातलं खरं ते मी मान्य करते. शब्द चित्राला झाकतात, हे मी हॉलमध्ये बसून अनुभवलंय. वक्ता बोलत सुटतो, त्याचा सिद्धान्त, त्या सिद्धान्तावरचा आक्षेप, त्या आक्षेपाला उत्तर, आणि मागे ते बिचारं चित्र वीस मिनिटं भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं लटकत असतं. किस्सेवाल्याकडेही तेच, फक्त त्याच्या कॅलेंडरची पानं भराभर उलटतात. म्हणून तर म्हणते की जड आणि हलकं हे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत.

किश्शांचं म्हणाल तर तिथे मी जरा डळमळते, कारण किस्से लोकांना आवडतात यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि कलेच्या इतिहासाचा जन्मच मुळी गप्पांतून झालाय. वसारीने १५५० मध्ये इटलीतल्या कलाकारांची चरित्रं छापली ती अशा गोष्टींनी खच्चून भरलेली आहेत, त्याच्याही दीड हजार वर्षं आधी रोमन लेखक प्लिनी हेच करत होता. प्लिनीची झ्यूक्सिस आणि परासियस या दोन ग्रीक चित्रकारांची गोष्ट बघा. झ्यूक्सिसने द्राक्षं इतकी हुबेहूब काढली की पाखरं चोच मारायला आली, मग तो ऐटीत परासियसला म्हणाला आता तुझ्या चित्रावरचा पडदा बाजूला कर, आणि तो पडदा म्हणजेच चित्र होतं. पाखरांना फसवणारा हरला, चित्रकाराला फसवणारा जिंकला. खरी असो नसो, ही गोष्ट ऐकल्यावर तुम्ही पुढच्या चित्रातला पडदा जरा वाकून बघता की नाही? किश्शाला माझी परीक्षा हीच. तो नजर परत चित्राकडे पाठवतो का, की तिथून कायमची सोडवून नेतो?

डच चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला तो किस्सा दुसऱ्या जातीचा आहे. कान, वेड, गरिबी, हयातीत म्हणे एकच चित्र विकलं गेलं, मेल्यावर करोडोंची किंमत. लोक हळहळतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, सूर्यफुलांकडे कोणी बघितलेलं नसतं कारण आता ती फुलं नसतात, वेड्या माणसाचा पुरावा असतो. बरं, ही गोष्ट अर्धवट पण आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग जुलै १८९० मध्ये गेला आणि त्याचा भाऊ थिओ सहा महिन्यांनी, जानेवारी १८९१ मध्ये. मागे राहिली थिओची बायको यो, वय २८, कडेवर वर्षाचं मूल आणि घरात शेकडो चित्रं जी कोणाला नको होती. तिने ती टाकून दिली नाहीत, वर्षानुवर्षं प्रदर्शनांना पाठवत राहिली, कुठलं चित्र विकायचं आणि कुठलं राखायचं याचा हिशेब ठेवला, १९०५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या स्टेडलिक म्युझियममध्ये ४८० च्या आसपास कामांचं प्रचंड प्रदर्शन भरवलं आणि १९१४ मध्ये दोघा भावांची पत्रं छापली. म्हणजे मेल्यावर आपोआप प्रसिद्ध झाला हे खोटंच, एका बाईने जवळजवळ पंचवीस वर्षं खपून त्याला प्रसिद्ध केलं. हा किस्सा कानापेक्षा कमी रंगतदार आहे का? मला तर जास्त वाटतो. आणि तो ऐकल्यावर प्रश्न पडतो की तिने आधी कुठली चित्रं लोकांपुढे ठेवली असतील, का, तिला त्यात काय दिसलं जे बाकीच्यांना दिसत नव्हतं. झाली ना नजर परत चित्रावर?

तिसरा आक्षेप म्हणजे स्लाइड ही कलाकृतीच नाही, मग हा सगळा उपद्व्याप उसन्या मालावरचा. हा आक्षेप मला आवडेल त्यापेक्षा जास्त खरा आहे आणि मंडळवाले त्याला नेहमी हसण्यावारी नेतात. मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद, एखाद्या खिडकीच्या तावदानाएवढी. पिकासोचं गेर्निका साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. पडद्यावर दोन्ही तेवढीच! जे चित्र तुमच्या अंगावर येतं आणि जे चित्र तुम्हाला जवळ बोलावतं त्यांना प्रोजेक्टर एका मापाचे कपडे घालतो. आणि नकलेवर विसंबून केवढा घोळ होतो याचं उदाहरण तर या विषयाच्या उगमापाशीच बसलंय. विंकेलमन नावाच्या जर्मन विद्वानाने १७६४ मध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिला, आधुनिक कलेतिहासाची सुरुवात तिथून धरतात, हा माणूस ग्रीसला कधी गेलाच नाही. त्याने ग्रीक कला म्हणून जी बघितली तिच्यातल्या कितीतरी मूर्ती रोमन काळातल्या संगमरवरी नकला होत्या, आणि ग्रीक सौंदर्य म्हणजे शुभ्र, शांत, निर्विकार हे जे युरोपच्या डोक्यात पक्कं बसलं त्यात त्याचा मोठा हात. मूळच्या मूर्ती रंगवलेल्या होत्या, लाल निळे भडक रंग, डोळ्यांत बुबुळं, कपड्यांवर नक्षी.

हे सगळं मान्य. पण मग नकला बंद केल्या तर काय उरतं बघा. अजिंठ्याचीच गोष्ट घ्या. १८१९ मध्ये ब्रिटिश फौजेतल्या जॉन स्मिथला ती लेणी दिसली, पुढे १८४० च्या दशकात रॉबर्ट गिलला तिथली चित्रं उतरवून घ्यायला पाठवलं, वर्षानुवर्षं तो त्या अंधारात तैलरंगात नकला करत बसला. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. परत १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलचे विद्यार्थी तेच काम करायला गेले, तेरा वर्षं चाललं ते, त्याही नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्याही बऱ्याच खाक झाल्या. एखाद्याने म्हणावं देवाचीच इच्छा नव्हती. पण ज्या उरल्या त्यांत आजही असे तपशील दिसतात जे मधल्या काळात भिंतीवरून झडून गेलेत, म्हणजे मूळ कलाकृती जे विसरली ते नकलेला आठवतंय. शिवाय उत्तम ग्रीक ब्राँझ मूर्तींपैकी कितीतरी वितळवल्या गेल्या, ग्रीक मूर्तिकार पॉलिक्लिटसचा भालाधारी आपल्याला माहीत आहे तो फक्त रोमन नकलांमुळे. विंकेलमनची चूक नकला बघण्यात नव्हती, समोर आहे ती नक्कल आहे हे मध्ये मध्ये विसरण्यात होती. मग वक्त्याने एवढंच करावं, चित्र लावलं की आधी हात पसरून दाखवावं की खरं चित्र एवढं आहे, गेर्निका असेल तर हॉलच्या या भिंतीपासून त्या खांबापर्यंत चालून दाखवावं, रंग पडद्यावर खोटा आलाय तर खोटा आलाय म्हणावं. दोन मिनिटांचं काम आहे. मी हे करणारे वक्ते आजवर दोनच बघितलेत.

आता नेटवर सगळं असताना व्याख्यान कशाला, या आक्षेपावर मी फार वेळ घालवणार नाही. नेटवर चित्र खरंच हॉलमधल्यापेक्षा शार्प दिसतं, ब्रशचा फटकारा न् फटकारा मोठा करून बघता येतो. पण अंगठा आपल्या हातात असतो आणि तो २७ सेकंद पण थांबत नाही. हॉलमध्ये पुढची स्लाइड तुमच्या हातात नसते, हाच हॉलचा फायदा, आणि तो आपण ११२ स्लाइड लावून घालवतो.

तर मग करायचं काय? माझं म्हणणं, एक चित्र घ्या आणि तासभर त्याच्यापुढून हलू नका. लगेच विचारतील, एका चित्रावर तास? काय बोलणार? म्हणून उदाहरणच देते. यान वान आयकचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, उंची ८२ सेंटिमीटर रुंदी ६०. खोलीत एक पुरुष एक बाई, हातात हात, मध्ये पायाशी छोटं कुत्रं, मागे गोल आरसा, आरशाच्या वर लिहिलंय की यान वान आयक इथे होता, १४३४. पहिली दहा मिनिटं वक्त्याने काहीही सांगू नये, फक्त विचारावं काय काय दिसतंय. कोणी म्हणेल बाई गरोदर आहे. बहुतेक सगळे तेच म्हणतात, पण तो त्या काळचा भरपूर घोळाचा झगा आहे, तिने तो पुढे उचलून धरलाय. कोणाला आरशात दारात उभी असलेली आणखी दोन माणसं दिसतील, म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथे ती उभी आहेत. कोणाला जमिनीवर काढून ठेवलेल्या लाकडी खडावा दिसतील. कोणीतरी शेवटी वर बघेल आणि म्हणेल दिवसाउजेडी झुंबरात एक मेणबत्ती का जळतेय.

आणि मग इतिहास सुरू करा, त्याच्या आधी नको. १९३४ मध्ये पॅनोफ्स्की नावाच्या विद्वानाने मांडलं की हे चित्र म्हणजे लग्नाचा दस्तऐवज आहे, कुत्रं म्हणजे निष्ठा, मेणबत्ती म्हणजे देवाची साक्ष, खडावा काढल्या कारण जागा पवित्र, आणि चित्रकाराची सही ही साक्षीदाराची सही. किती सुंदर बसतं सगळं! साठ वर्षं जगभरच्या वर्गांत हेच शिकवलं गेलं. आणि १९९७ मध्ये एका जुन्या कागदात सापडलं की ज्या आर्नोल्फिनीचं हे लग्न समजत होतो त्याचं लग्न झालं १४४७ मध्ये, चित्रानंतर तेरा वर्षांनी आणि वान आयक मेल्यावर सहा वर्षांनी. कोसळलं की सगळं. मग आता हा त्याचा चुलतभाऊ असावा असं मानतात. पण त्या भावाच्या माहीत असलेल्या बायकोचं १४३३ पर्यंत निधन झालं होतं, म्हणजे चित्राच्या आदल्या वर्षी, मग ही बाई कोण? त्याची दुसरी बायको जिची नोंद सापडत नाही, की तीच गेलेली बायको, आठवणीतून काढलेली? दुसरी शक्यता धरणारे वर बोट दाखवतात: मेणबत्ती पुरुषाच्या बाजूला जळतेय, बाईच्या बाजूला नुसते मेणाचे ओघळ उरलेत. आरशाच्या चौकटीवर दहा छोटी चित्रं आहेत, पुरुषाच्या बाजूला जिवंत येशूचे प्रसंग, बाईच्या बाजूला मृत्यू आणि त्यानंतरचे.

आता मला सांगा, हे जड झालं की हलकं? यात १४३४ पासून १९९७ पर्यंतच्या तारखा आहेत, दोन विद्वानांचं भांडण आहे, जुन्या दप्तरातला कागद आहे. आणि यात एक गेलेली बायको आहे, एक आरसा आहे, रहस्य आहे. झोपेल का कोणी? प्राध्यापक मंडळींना सांगायचंय ते पण आलं आणि किस्सेवाल्यांना हवं ते पण, फक्त दोघांनाही चित्रामधून वाट काढत यावं लागलं. आणखी एक, जो वक्ता पॅनोफ्स्कीचं सांगून थांबतो तो लोकांना गुळगुळीत उत्तर देऊन घरी पाठवतो, जो पुढचं सांगतो तो त्यांना शंका देऊन पाठवतो, मी दुसऱ्याला परत बोलवीन.

इथे एक कुजबुज नेहमी होते की पैशाचं, मालाचं बोललं की कलेचं पावित्र्य जातं. का जावं? फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी घिर्लांदायो या चित्रकाराने जे मोठं चित्र केलं त्याचा १४८५ चा करार उपलब्ध आहे, एकूण ११५ फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी), आणि त्यात अट की निळा रंग अल्ट्रामरीनच हवा, औंसाला चार फ्लोरिनच्या आसपासचा, म्हणजे चित्रकाराने स्वस्तातला निळा लावून गिऱ्हाइकाला फसवू नये. हे कळलं की त्या चित्रातल्या मेरीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, निळ्या झग्याकडे बघायची नजर बदलते की नाही? तो झगा म्हणजे भक्ती आणि खर्च दोन्ही आहे. हा निळा यायचा लाजवर्द नावाच्या निळ्या दगडापासून, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. आणि अजिंठ्याच्या उत्तरकाळातल्या लेण्यांत बाकी रंग जवळपासच्या माती-दगडांचे आहेत, पण निळा लाजवर्दाचा, लांबून आणलेला. कोणी आणला, भिक्षूंनी की त्या लेण्यांचा खर्च उचलणाऱ्या राजाच्या मंत्र्यांनी-व्यापाऱ्यांनी? अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेखच आहे दानाचा. एक निळा ठिपका पकडला तर फ्लॉरेन्स, बदख्शान आणि वाघूर नदीची दरी एका तासात बसतात. हे सवंग आहे का?

तसंच राजकारणाचं. कलेत राजकारण नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी समजू शकते, कारण काही व्याख्यानं खरंच आरोपपत्र होऊन बसतात, चित्र राहतं बाजूला आणि वक्ता निकाल वाचून दाखवतो. पण आजच्या नायजेरियात असलेल्या बेनिन शहराच्या पितळी फलकांवर व्याख्यान देताना १८९७ चं नाव काढायचं नाही हे कसं जमणार? त्या साली ब्रिटिश फौजेने ते शहर जाळलं आणि राजवाड्यातून हजारो वस्तू उचलून नेल्या. त्या युरोपात पोचल्यावर कितीतरी जाणकारांना खरंच वाटेना की आफ्रिकेतल्या कारागिरांनी हे ओतीव काम केलंय, पोर्तुगीजांनी शिकवलं असेल इथपर्यंत तर्क झाले. म्हणजे लूट ही चित्राच्या बाहेरची गोष्ट नाही, ती त्यांच्या डोळ्यांत जाऊन बसली होती. आणि हेही बघा, त्या फलकांवर पोर्तुगीज शिपाई आहेत आणि त्यांच्याजवळ धातूची कडी कोरलेली आहेत. तीच कडी व्यापारात यायची, वितळवून त्यांच्यातून फलक ओतले जायचे, आणि २०२३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात त्या पितळाचा माग थेट जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यापर्यंत लागला. २०२२ मध्ये जर्मनीने काही फलक आणि मूर्ती नायजेरियाला परत केल्या. पितळ ऱ्हाइनचं, हात बेनिनचे, मग परत कोणाला द्यायचं असं कोणी हॉलमध्ये विचारलंच, तर वक्त्याने निकाल देऊ नये, तो फलक परत पडद्यावर लावावा आणि त्या ओतकामाच्या कडा दाखवाव्यात. माझं उत्तर तिथे लिहिलेलं आहे.

एक चित्र, एवढ्यावर लोक येतील का, हा शेवटचा आणि खजिनदारांचा लाडका प्रश्न. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने बॉम्बच्या भीतीने सगळी चित्रं वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली होती, इमारत रिकामी, नुसत्या भिंती. १९४२ मध्ये लोकांनी मागणी केली की निदान एखादं चित्र तरी बघायला द्या. मग दर महिन्याला एकच चित्र खाणीतून आणायचं, दिवसा लावायचं आणि धोका दिसला की लगेच तळघरात न्यायचं असं सुरू झालं. टिशियनचं एक चित्र पहिल्यांदा आलं, लोकांनी स्वतः मागितलेलं. डोक्यावर बॉम्ब, खाण्यापिण्याची टंचाई, आणि लोक एका चित्रासाठी येत होते. तिथे किस्से सांगणारा नव्हता की ११२ स्लाइड नव्हत्या. उलट गॅलरीच्या खजिन्यातलं दुसरं काही बघायला नव्हतं म्हणूनच ते चित्र नीट बघितलं गेलं असणार.

मागच्या महिन्यात आम्ही शेवटी हा प्रयोग केला, आर्नोल्फिनीवरच. मीटिंगमध्ये दोन्ही पार्ट्यांनी नाकं मुरडली, एकाला ते फार सोपं वाटलं आणि एकाला फार अवघड, त्यामुळे मला जरा धीर आला. वक्ता ठीकठाक होता, मधे एकदा स्वतःच हरवला, पॅनोफ्स्कीवर जरा जास्त रेंगाळला. कोणी घोरलं नाही असं म्हणणार नाही, एक काका झोपले होते. पण संपल्यावर लाइट लागले, खुर्च्या सरकल्या आणि एक वयस्कर बाई, ज्या दर व्याख्यानाला येतात आणि कधीच बोलत नाहीत, पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. वक्त्याला म्हणाल्या, ते कुत्रं सोडून आरशात बाकी सगळं आहे, मग आरशात कुत्रं का नाही? त्याने काहीतरी उत्तर दिलं, त्यांना पटलं नाही, त्यांनी पदर सावरला आणि आणखी पुढे होऊन आरशावर बोट ठेवलं. प्रोजेक्टर आवरायला आलेला मुलगा वायर हातात घेऊन तसाच थांबला होता, कारण बंद केलं तर त्या कुठे बघणार.